मेग्र, माग्रो, माक्रु: लॅटिनच्या एका रोडक्या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच शिकणारा ‘मेग्र’पाशी अडतो, इटालियन शिकणारा ‘माग्रो’पाशी. शब्दकोश दोघांनाही एकच उत्तर देतो: बारीक. तेवढ्यावर विसंबून माणूस खाटकाच्या दुकानात गेला, आटलेल्या नदीकाठी उभा राहिला किंवा शुक्रवारी कुणाच्या घरी जेवायला बसला, की त्याचा गोंधळ उडतो. पुढचे प्रश्न अशाच गोंधळांतून आलेले आहेत.

मूळ लॅटिन शब्द कोणता? त्याचा अर्थ ‘बारीक’ नाही का?

शब्द आहे ‘मकेर’. स्त्रीलिंगी ‘मक्रा’, नपुंसकलिंगी ‘मक्रुम’. ‘बारीक’ हा अर्थ चुकीचा नाही, पण ढोबळ आहे. मराठीत बारीक दोरा असतो, बारीक तांदूळ असतो, बारीक अक्षर असतं, बारीक नजरही असते. लॅटिनमधला दोरा ‘मकेर’ कधीच नसतो, त्याला ‘तेनुइस’ हा वेगळा शब्द आहे. ‘मकेर’ म्हणजे ज्याच्या अंगावर चरबी असायला हवी होती आणि नाही, ते. बैल मकेर, माणूस मकेर, आणि ज्या जमिनीत कस नाही ती जमीनही मकेर. विरुद्ध शब्द ‘पिंग्विस’, म्हणजे पुष्ट, स्निग्ध, कसदार. ‘मकेर’ शरीराची रुंदी मोजत नाही, अंगावरची तूट मोजतो.

मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द मला ‘रोड’ किंवा ‘रोडका’ वाटतो. गुरं रोड होतात, माणूस रोडावतो, दोरा मात्र रोड नसतो.

होरेस या रोमन कवीने एका पत्रकाव्यात कोल्हीची गोष्ट सांगितली आहे. रोडकी कोल्ही अरुंद भोकातून धान्याच्या कणगीत शिरते, खाऊन फुगते आणि बाहेर पडता येईना म्हणून अडकते. वीझल, म्हणजे मुंगसासारखा एक छोटा प्राणी, तिला बजावतो, ‘मक्रा’ होऊन आत गेलीस, आता ‘मक्रा’ होऊनच बाहेर ये. कोल्ही धान्य कुठे खाते, असा रास्त प्रश्न रिचर्ड बेंटली या इंग्रज पंडिताला पडला आणि 1711 सालच्या आपल्या आवृत्तीत त्याने कोल्हीच्या जागी रानउंदीर घातला. पंडितांचं हे असं असतं.

‘मकेर’चा ‘माग्रो’ कसा झाला? ‘क’चा ‘ग’ कुठून आला?

जसा ‘मकर’चा ‘मगर’ झाला, तसाच. दोन स्वरांमध्ये किंवा स्वर आणि ‘र’ यांच्यामध्ये सापडलेला ‘क’ बोलताना मऊ पडतो. रोमान्स भाषांमधले, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषांमधले, शब्द बहुतेक वेळा लॅटिनच्या द्वितीयेवरून आले. ‘मक्रुम’पासून इटालियन आणि स्पॅनिश ‘माग्रो’, पोर्तुगीज ‘माग्रु’, स्पेनच्या ईशान्येकडच्या कातालान भाषेत ‘माग्रे’ आणि फ्रेंच ‘मेग्र’. रुमानियनने ‘क’ सोडला नाही, तिथे ‘माक्रु’.

हा नियम एकट्या या शब्दाचा नाही. तिखट, आंबट अशा अर्थाच्या लॅटिन ‘आकेर’पासून इटालियन ‘आग्रो’, फ्रेंच ‘एग्र’ आणि रुमानियन ‘आक्रु’ झाले. ‘एग्र’ तुमच्या स्वयंपाकघरात आहेच: ‘व्हँ’ म्हणजे वाइन आणि ‘एग्र’ म्हणजे आंबट, मिळून व्हिनेगर. ‘एग्र’ आणि ‘मेग्र’ची जोडी लक्षात ठेवली की पाठांतर निम्मं होतं.

पाचसहा भाषांत शब्द एकच, मग अर्थही एकच असेल ना?

पोर्तुगीज आणि इटालियनमध्ये हा रोजचा शब्द आहे. कुणी सडपातळ असेल तर तो ‘माग्रु’ किंवा ‘माग्रो’, त्यात टोमणा नाही. वजन उतरवणं पोर्तुगीजमध्ये ‘एमाग्रेसेर’, इटालियनमध्ये ‘दिमाग्रीरे’.

स्पॅनिशमध्ये तो माणसांवरून जवळजवळ उतरला आणि खाटकाच्या फळीवर जाऊन बसला. ‘माग्रो’ म्हणजे डुकराचं चरबी नसलेलं मांस, ‘माग्रा’ म्हणजे हॅमचा काप. नवारा आणि आरागोन भागात टोमॅटोच्या रश्शातले हॅमचे काप ‘माग्रास’ म्हणूनच खातात. माणसासाठी ‘माग्रो’ वापरलात तर समजेल, पण पुस्तकी वाटेल. वर्तमानपत्रांत मात्र तो भेटतो: तुटपुंजा पगार, बेताचं पीक, जेमतेम निकाल, हे सगळे ‘माग्रो’.

रुमानियनमध्ये ‘माक्रु’ मुख्यतः मांसाबद्दल. कातालानचा ‘माग्रे’ दोन्हीकडे चालतो, पण बांधेसूद बारीक माणसाला तिथे ‘प्रिम’ म्हणतात.

इटालियनने या शब्दाला जितकी कामं लावली तितकी कुणीच लावली नाहीत. नदीचं पाणी ओसरून पात्र उघडं पडलं की ती ‘माग्रा’त आहे. पो नदीच्या उन्हाळी बातम्यांत हा शब्द हटकून येतो. आपल्याकडेही ‘नदी रोडावली’ असंच म्हणतात, म्हणून मराठी माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. चारचौघांत फजिती झाली तर ‘माग्रा फिगुरा’ झाली. धंद्यातले वाईट दिवस म्हणजे ‘माग्रा’चे दिवस. आणि पायाखाली टाकायचं, सिमेंट कमी असलेलं काँक्रीट, ज्याला आपले कंत्राटदार पीसीसी म्हणतात, ते इटलीच्या साइटवर ‘माग्रोने’. सिमेंट ही काँक्रीटची चरबी, हे गवंड्यांनी फार नेमकं ओळखलं.

फ्रेंचमध्ये कुणाला ‘मेग्र’ म्हटलं तर राग येईल का?

येऊ शकतो. ‘मेग्र’मध्ये खंगल्याची छटा आहे, आपल्या ‘हडकुळा’च्या जवळ जाणारी. कौतुक करायचं असेल तर ‘मँस’ म्हणावं. ‘मेग्रिशाँ’ म्हणजे काटकुळा, लाडानेही आणि चिडवायलाही. मात्र याच फ्रेंचमध्ये वजन कमी करणं हे ‘मेग्रीर’च. ‘तू मेग्री केलंस’ हे अभिनंदन होऊ शकतं, ‘तू मेग्र आहेस’ हे मात्र काळजीचं वाक्य आहे. मराठीतही ‘बारीक झालीस गं!’ हे शाबासकी म्हणून येतं की चौकशी म्हणून, ते म्हणणारी मैत्रीण आहे की आजी यावर ठरतं. शब्दकोशाला हे कळत नाही, म्हणून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

मग स्पॅनिशमध्ये बारीक माणसाला काय म्हणतात?

दोन शब्द. ‘देल्गादो’ सभ्य आणि ‘फ्लाको’ बोलीतला. ‘देल्गादो’ लॅटिन ‘देलिकातुस’वरून आला, म्हणजे मुळात नाजूक. ‘फ्लाको’ची कथा जास्त मजेची आहे.

लॅटिन ‘फ्लाक्कुस’ म्हणजे लोंबणारं, ढिलं पडलेलं. ढिलं म्हणजे जोर नसलेलं, जोर नसलेलं म्हणजे अशक्त, आणि अशक्त म्हणजे बारीक, अशी पायरी पायरीने ही वाट गेली. जुना अर्थ पुरता पुसला गेला नाही. ‘फ्लाको फाव्होर’ म्हणजे बारीक उपकार नव्हे, उपकार म्हणून केलेलं नुकसान. अर्जेंटिनात तर ‘फ्लाको’ हाकेचा शब्द आहे. समोरचा कितीही जाडजूड असो, ‘अरे मित्रा’ म्हणायचं तर ‘फ्लाको’.

रुमानियन दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचली. तिथे बारीक म्हणजे ‘स्लाब’. हा शब्द स्लाव्ह भाषांतून घेतलेला आणि अर्थ मुळात अशक्त. आजही ‘स्लाब’चे दोन्ही अर्थ चालतात.

हे लांबचं वाटत असेल तर संस्कृत ‘दुर्बल’कडे बघा. मराठीत त्याचा ‘दुबळा’ झाला, अशक्त किंवा गरीब. हिंदीत तोच ‘दुबला’ झाला, बारीक. मुंबईत वाढलेली मुलं दोन्ही शब्द वापरतात आणि ते एकच आहेत हे त्यांच्या गावीही नसतं.

जाता जाता: होरेसच्या नावाचा शेवटचा भाग फ्लाक्कुस होता. सुएतोनियस हा रोमन चरित्रकार लिहितो की होरेस बुटका आणि लठ्ठ होता. स्पॅनिश पुस्तकांत मात्र त्याचं पूर्ण नाव छापतात किंतो ओरासियो फ्लाको. बिचारा.

फ्रान्समध्ये यजमानीणबाई म्हणाल्या, ‘आज आम्ही मेग्र करतो.’ म्हणजे डाएट का?

नाही, धर्म. ‘मेग्र करणं’ म्हणजे मांस न खाणं. कॅथलिक परंपरेत शुक्रवार आणि उपवासकाळातले ठरावीक दिवस ‘मेग्र’, बाकीचे ‘ग्रा’, म्हणजे चरबीचे. जुन्या फ्रेंच स्वयंपाकात तर एकाच पदार्थाच्या ‘ग्रा’ आणि ‘मेग्र’ अशा दोन तऱ्हा असायच्या. पहिलीत मांसाचा रस्सा, दुसरीत मासळीचा किंवा भाजीचा. 1966 मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले. वर्षभराच्या शुक्रवारी मांस सोडण्याऐवजी दुसरं प्रायश्चित्त घेण्याची मुभा देशोदेशीचे बिशप देऊ लागले. शब्द मात्र टिकला.

इटालियनमध्ये यालाच ‘दी माग्रो’ जेवणं म्हणतात. मेनूकार्डावर ‘राव्हिओली दी माग्रो’ दिसलं तर ते वजन कमी करणाऱ्यांसाठी नाही. आत रिकोता चीज आणि पालक आहे, वरून बहुधा लोणीही. नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवणही ‘दी माग्रो’, आणि त्यात कोळंबी, कालवं, ईल, खारवलेला कॉड असं ताटात मावणार नाही इतकं असतं. मासा मांसात मोडत नाही ना! आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात, ती म्हण इथे शब्दशः लागू पडते.

रुमानियाचं चर्च ऑर्थोडॉक्स, त्यामुळे तिथे ही कॅथलिक विभागणी पोचली नाही आणि ‘माक्रु’ला उपासाचा अर्थ चिकटला नाही. उपासाचं जेवण तिथे ‘दे पोस्त’, आणि मांसाचं ‘दे दुल्चे’, म्हणजे अक्षरशः ‘गोडाचं’. आपल्याकडे बरोबर उलटं. पश्चिम महाराष्ट्रात ‘आज तिखटाचं जेवण’ म्हटलं की मटण शिजतंय असं समजायचं.

‘मार्दी ग्रा’शी याचा काही संबंध?

सरळ संबंध. ‘मेग्र’ दिवस सुरू होण्याआधीचा शेवटचा ‘ग्रा’ दिवस तो ‘मार्दी ग्रा’, चरबीचा मंगळवार. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार आणि तिथून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. श्रावण लागण्याआधीची गटारी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

गोव्यातल्या कार्निव्हलचं कॅलेंडरही हेच आहे. राखेच्या बुधवारआधीच्या शनिवारी पणजीत कार्निव्हलचा राजा मोमो याची मिरवणूक निघते. त्या शनिवारचं पोर्तुगीज नाव ‘साबादु गोर्दु’, लठ्ठ शनिवार. हा ‘गोर्दु’ लॅटिन ‘गुर्दुस’वरून आला आणि त्याचा जुना अर्थ मठ्ठ असा होता. क्विंतिलियानुस या रोमन वक्तृत्वगुरूने लिहून ठेवलंय की हा शब्द मूळचा हिस्पानियातला, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालकडचा, असल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. मठ्ठाचा लठ्ठ कसा झाला, हे मराठी यमक बघून कुणी विचारू नये.

फ्रेंच मासळीबाजारात ‘मेग्र’ नावाचा दोन हात लांब मासा पाहिला. तो कुठून बारीक?

कुठूनच नाही. हा मासा दीड मीटरच्या पुढेही वाढतो. भूमध्य समुद्रात आणि अटलांटिकच्या पूर्व किनाऱ्याला मिळतो आणि फ्रान्समध्ये जिरोंदच्या खाडीत अंडी घालायला येतो. विणीच्या काळात पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतो. स्पॅनिश आणि पोर्तुगीज त्याला ‘कोर्व्हिना’ म्हणतात, म्हणजे त्या भाषांत त्याच्या नावाचा ‘माग्रो’शी संबंधच नाही.

कोकणातल्या वाचकांसाठी सांगायचं तर हा आपल्या घोळीचा नातलग, दोघांचं कुळ एकच. घोळीच्या ज्या हवेच्या पिशवीला, म्हणजे बोताला, सोन्याचा भाव येतो, तीच पिशवी तिकडे ढोल वाजवते.

आणि ‘माग्रे द कानार’?

बदकाच्या छातीचा तुकडा. नाव आलं दक्षिण फ्रान्समधल्या गास्कोन बोलीतून: ‘माग्रे’ म्हणजे ‘माग्र’चं लाडकं रूप, रोडकुला. गंमत अशी की हा तुकडा त्या बदकाचा, ज्याला ‘फ्वा ग्रा’साठी, म्हणजे चरबीदार काळजासाठी, कोंबून कोंबून चारलेलं असतं. सगळ्या पक्ष्यात त्यातल्या त्यात निव्वळ मांस म्हणावं असा भाग हाच, म्हणून रोडकुला. त्यावरही बोटभर चरबीचा थर असतोच.

वैद्यकीय भाषांतर करतोय. लहान आतड्याला रोमान्स भाषांत ‘माग्रो’ म्हणायचं का?

मुळीच नाही, आणि इथेच या शब्दाचा स्वभाव कळतो. लहान आतड्याला या भाषा ‘बारीक आतडं’च म्हणतात, पण ‘बारीक’साठी प्रत्येकीने लॅटिनच्या पेटीतून वेगळा शब्द काढला. इटालियन ‘इन्तेस्तीनो तेनुए’, ‘तेनुइस’वरून. फ्रेंच ‘अँतेस्तँ ग्रेल’, ‘ग्राकिलिस’वरून. स्पॅनिश आणि पोर्तुगीज ‘देल्गादो’, म्हणजे ‘देलिकातुस’. कातालान ‘प्रिम’, लॅटिन ‘प्रीमुस’ म्हणजे ‘पहिला’ यावरून. रुमानियन ‘सुप्त्सिरे’, लॅटिन ‘सुब्तीलिस’वरून.

एका आतड्यासाठी पाच शब्द, आणि त्यांत ‘मकेर’ नाही. कारण आतड्याची रुंदी सांगायची आहे, तूट नव्हे.

यातला ‘सुब्तीलिस’ मला सर्वांत आवडतो. ‘सुब’ म्हणजे खाली आणि ‘तेला’ म्हणजे मागावरचं विणकाम. बारीक विणीच्या कापडाचा शब्द. रुमानियनमध्ये आणि इटालियन ‘सोत्तीले’मध्ये तो वस्तूचा पातळपणा सांगतो. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये बुद्धीचा सूक्ष्मपणा. ‘बारीक’ हा फारसीतून आलेला आपला शब्द ही दोन्ही कामं एकटाच करतो.

लिस्बनच्या दुकानात ‘लैत माग्रु’ लिहिलेलं दूध मिळालं. कसलं दूध?

साय काढलेलं. पोर्तुगालमध्ये दुधाच्या तीन पायऱ्या: ‘गोर्दु’, ‘मैयु-गोर्दु’ आणि ‘माग्रु’. युरोपच्या नियमाप्रमाणे पहिल्यात किमान 3.5 टक्के स्निग्धांश, दुसऱ्यात 1.5 ते 1.8, तिसऱ्यात जास्तीत जास्त 0.5. दूध संकलन केंद्रावर ‘फॅट किती लागली?’ विचारणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही नावं एका झटक्यात कळतील. ब्राझीलमध्ये मात्र अशा दुधाला ‘देस्नातादु’ म्हणतात, साय काढलेलं.

फ्रेंच संगणकावर ठळक अक्षराच्या बटणावर ‘जी’ का?

‘ग्रा’चा. फ्रेंच छापखान्यात ठळक टाइप ‘ग्रा’ आणि हलका टाइप ‘मेग्र’. इटालियन बटणावरही ‘जी’ असतो, ‘ग्रासेत्तो’चा. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ठळक म्हणजे ‘काळं’, त्यामुळे तिथे ‘एन’.

बायबलमधल्या सात रोडक्या गायींचं काय झालं?

उत्पत्तीच्या 41व्या अध्यायात इजिप्तच्या फारोला स्वप्न पडतं: सात रोडक्या गायी सात पुष्ट गायींना खाऊन टाकतात. तेव्हापासून सगळ्या रोमान्स भाषांत तंगीचा काळ म्हणजे ‘रोडक्या गायींचा काळ’. फ्रेंच, इटालियन आणि पोर्तुगीज गायी ‘मकेर’च्या वंशातल्या. स्पॅनिश गायी ‘फ्लाका’, रुमानियन गायी ‘स्लाबे’. दुष्काळ सगळीकडे एकच, गायींचं विशेषण आपापलं.

मॅक्रो, मीगर, मॅसिडोनिया, मॅसरेट, मागारी: यांतले नातलग कोणते?

ग्रीक ‘माक्रोस’, म्हणजे लांब, हा सख्खा चुलतभाऊ मानतात, त्यामुळे ‘मॅक्रो’ घरातलाच. लांब आणि रोड यांची सांगड कशी, हे ज्यांनी शेलाटा माणूस पाहिलाय त्यांना विचारायला नको. ‘मॅसिडोनिया’ही त्याच धातूशी जोडतात, उंच लोकांचा देश अशा अर्थाने. जर्मन आणि डच ‘मागर’ हे लॅटिनमधून उचललेले नाहीत, ते समांतर उतरले. इंग्रजी ‘मीगर’ मात्र फ्रेंच ‘मेग्र’वरून गेला.

‘मॅसरेट’, म्हणजे भिजवून मऊ करणं, हा वेगळ्या लॅटिन क्रियापदाचा वंशज. आणि इटालियन ‘मागारी’, म्हणजे ‘असं झालं तर काय हवं!’, हा ग्रीक ‘माकारिओस’ म्हणजे ‘धन्य’ यावरून आलेला. नाव सारखं, घराणं वेगळं.

संस्कृतशी काही धागा आहे का?

‘मकेर’चा सांगण्यासारखा नाही. ‘तेनुइस’चा पक्का आहे: संस्कृत ‘तनु’. मूळ धातू ताणण्याचा. ताणलं की पातळ होतं. संस्कृतमध्ये ‘तनु’ म्हणजे बारीकही आणि देहही, म्हणून बारीक अंगाची ती ‘तन्वी’. इंग्रजी ‘थिन’ त्याच घरातला. तनुजा नावाच्या मुलीला इटालियन ‘तेनुए’ शिकवताना ही ओळख करून दिली तर शब्द विसरला जात नाही, असा माझा अनुभव आहे.

ब्राझिलियन मित्राने फोनवर विचारलं, ‘माग्रेला’ला कुलूप लावलंस का? हे काय प्रकरण?

सायकल. नुसती हाडं, अंगावर मांस नाही.